जन्मजात आणि आनुवंशिक : रुबेलाजन्य अंधत्वाच्या शोधाचा इतिहास

गोषवारा

जन्मतः असणारा दृष्टिदोष हा वंशपरंपरेने आलेलाच असतो, अशी समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत वैद्यकशास्त्रात आणि समाजात सारखीच प्रबळ होती. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन मॅकअ‍ॅलिस्टर ग्रेग यांनी नवजात बालकांतील मोतीबिंदूचा संबंध मातेला गरोदरपणी झालेल्या रुबेला या सौम्य आजाराशी जोडून या समजुतीला छेद दिला. प्रस्तुत निबंधात या शोधाची पार्श्वभूमी, त्यावर झालेला वाद, त्याची पडताळणी, लसीची निर्मिती आणि भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, त्याचे पडसाद यांचा ऐतिहासिक क्रमाने परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : जन्मजात मोतीबिंदू, आनुवंशिकता, रुबेला, नॉर्मन ग्रेग, लसीकरण, माता-आरोग्य.

प्रस्तावना

मराठीत 'जन्मजात' आणि 'आनुवंशिक' हे दोन शब्द नित्याच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात. मूल जन्मतः आंधळे निघाले की 'कुळात कोणाला होते का?' हा पहिला प्रश्न विचारला जातो. कुळात कोणी नसेल, तर दोषाचा धनी शोधण्याचे काम मातेपाशी येऊन थांबते. तिने ग्रहण पाळले नसेल, ग्रहणात काही चिरले-कापले असेल, असे तर्क केले जातात. शास्त्रीय परिभाषेत मात्र हे दोन शब्द भिन्न आहेत. 'जन्मजात' हा शब्द दोष केव्हा दिसला एवढेच सांगतो. 'आनुवंशिक' हा शब्द तो कोठून आला हे सांगतो. जन्मजात असलेला प्रत्येक दोष आनुवंशिक नसतो आणि आनुवंशिक असलेला प्रत्येक दोष जन्मतः दिसतोच असे नाही. रातांधळेपणापासून सुरू होऊन हळूहळू दृष्टी हिरावून घेणारे दृष्टिपटलाचे कित्येक विकार आनुवंशिक असूनही तारुण्यापर्यंत लक्षात येत नाहीत.

हा भेद आज प्राथमिक वाटला, तरी तो प्रस्थापित होण्यास मोठा काळ लागला. तो केवळ शब्दांचा भेद नव्हता. दोष आनुवंशिक मानला, तर उपाय विवाहबंदीपर्यंत आणि सक्तीच्या निर्बीजीकरणापर्यंत जातो. तो गर्भावस्थेतील संसर्गाचा परिणाम मानला, तर उपाय प्रतिबंधक लशीपर्यंत जातो. रुबेलाजन्य अंधत्वाच्या शोधाचे महत्त्व या दोन वाटांच्या संदर्भात पाहावे लागते.

आनुवंशिकतेच्या छायेतील नेत्रविज्ञान

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेत्रविज्ञानाने मोठी झेप घेतली. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या नेत्रदर्शक उपकरणामुळे जिवंत माणसाच्या डोळ्याचा अंतर्भाग प्रथमच पाहता येऊ लागला. त्यानंतरच्या काही दशकांत डोळ्यांच्या अनेक वंशगत विकारांची वर्णने प्रसिद्ध झाली. जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी बालवयातील दृष्टिपटलाच्या विकाराचे आणि दृष्टिनाडीच्या वंशगत ऱ्हासाचे वर्णन केले. इंग्लंडमध्ये एडवर्ड नेटलशिप यांनी मोतीबिंदू आणि इतर नेत्रविकार असलेल्या कुटुंबांच्या वंशावळी चिकाटीने जमवल्या. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा प्रकाशात आल्यानंतर या वंशावळींना सैद्धांतिक बैठक लाभली. डोळ्यांतील दोष बाहेरून दिसणारा आणि कुटुंबाच्या स्मरणात राहणारा असल्याने आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी तो सोयीचा होता.

हे यश खरे होते. परंतु त्यातूनच एक अतिरेकी निष्कर्ष निघाला. ज्या बालकांच्या वंशावळीत दोषाचा मागमूस नव्हता, त्यांच्या बाबतीतही आनुवंशिकताच गृहीत धरली जाऊ लागली. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ल्यूशन हो यांचे उदाहरण बोलके आहे. नवजात बालकांच्या डोळ्यांतील संसर्गजन्य दाह टाळण्यासाठी कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या याच वैद्याने १९२१ साली आनुवंशिक अंधत्व असलेल्यांच्या विवाहाला निर्बंध घालणाऱ्या विधेयकाचा न्यूयॉर्क राज्यात पुरस्कार केला. ते विधेयक संमत झाले नाही. जर्मनीत मात्र जुलै १९३३ मध्ये नाझी राजवटीने केलेल्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यात आनुवंशिक अंधत्व आणि आनुवंशिक बहिरेपणा यांचा स्पष्ट समावेश होता. अशा वेळी 'आनुवंशिक' हे विशेषण कोणाच्या नावापुढे लावायचे, हा केवळ शास्त्रीय प्रश्न उरला नव्हता.

त्याच १९३३ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये फ्रेड हेल या पशुसंवर्धन संशोधकाने एक वेगळाच पुरावा पुढे ठेवला. 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव असलेला आहार दिलेल्या डुकरिणीला झालेल्या पिल्लांना नेत्रगोलच नव्हते. आहार सुधारल्यावर मात्र निकोप पिल्ले जन्मली. याचा अर्थ, बीज निर्दोष असूनही गर्भाशयातील परिस्थितीमुळे डोळा घडणे थांबू शकते. परंतु प्राण्यांवरील हा प्रयोग मानवी वैद्यकाने त्या काळी फारसा मनावर घेतला नाही. मानवी गर्भ नाळेच्या आड सुरक्षित असतो, ही धारणा कायम राहिली.

एका 'सौम्य' रोगाची पूर्वपीठिका

रुबेला या रोगाचे वर्णन प्रथम जर्मन वैद्यांनी अठराव्या शतकात केले. म्हणूनच त्याला 'जर्मन गोवर' हे नाव पडले. गोवर किंवा लोहितज्वर यांचाच हा एखादा प्रकार असावा, असा समज बराच काळ होता. १८१४ मध्ये जॉर्ज डी मेटन यांनी तो स्वतंत्र रोग असावा असे सुचवले. 'रुबेला' हे नाव मात्र हेन्री व्हील या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्याने १८६६ साली सुचवले आणि त्याला आधार होता तो हिंदुस्थानात त्याने पाहिलेल्या साथीचा. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ 'किंचित लालसर' असा होतो. पुढे १८८१ मध्ये लंडन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत रुबेलाला स्वतंत्र रोग म्हणून मान्यता मिळाली.

अंगावर दोन-तीन दिवस राहणारे बारीक लाल पुरळ, थोडा ताप, कानामागे आणि मानेत सुजलेल्या गाठी, एवढाच या रोगाचा पसारा. कित्येकांना तो होऊन गेल्याचे कळतही नाही. त्यामुळे वैद्यकीय ग्रंथांत त्याला दुय्यम स्थान होते. ज्या रोगाची नोंद घेण्याचीही गरज वाटू नये, तोच गर्भाच्या डोळ्यांवर घाला घालत होता आणि त्याच्या सौम्यपणामुळेच तो इतका काळ नजरेआड राहिला.

सिडनी, १९४१

नॉर्मन ग्रेग (१८९२–१९६६) हे सिडनी येथील नेत्रतज्ज्ञ होते. पहिल्या महायुद्धात लष्करी वैद्यक विभागात सेवा बजावून आणि इंग्लंडमध्ये नेत्रचिकित्सेचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले होते. १९४१ च्या पूर्वार्धात त्यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली बालके नेहमीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने येऊ लागली. या बालकांत काही साम्ये होती. मोतीबिंदू बहुधा दोन्ही डोळ्यांत असे. भिंगाचा मध्यभाग दाट पांढरा आणि कडेचा भाग त्या मानाने स्वच्छ दिसे. अनेकांचे डोळे आकाराने लहान होते, बाहुल्या औषधाला नीट प्रतिसाद देत नसत. बालके वजनाने कमी, दूध पिण्यास त्रास देणारी होती आणि मोठ्या प्रमाणात त्यांच्या हृदयातही जन्मजात दोष आढळत होता.

प्रतीक्षागृहात बसलेल्या दोन मातांचे बोलणे कानावर पडल्याने ग्रेग यांना या कोड्याचा उलगडा झाला, अशी कथा सांगितली जाते. तिच्यात तथ्य किती, हा मुद्दा गौण आहे. ग्रेग यांच्या शोधनिबंधातील युक्तिवाद त्या कथेपेक्षा अधिक बोधप्रद आहे. एकमेकांशी नाते नसलेल्या इतक्या कुटुंबांत एकाच काळी एकच वंशगत दोष उद्भवणे संभवत नव्हते. भिंगाचा मध्यभाग सर्वांत आधी तयार होतो. दोष तेथेच असेल, तर आघात गर्भावस्थेच्या अगदी आरंभी झालेला असला पाहिजे. बालकांच्या जन्मतारखांवरून मागे गणित केले असता तो काळ १९४० मधील रुबेलाच्या मोठ्या साथीशी जुळत होता. महायुद्धासाठी भरलेल्या लष्करी छावण्यांमुळे ही साथ त्या वर्षी दूरवर पसरली होती. मग ग्रेग यांनी मातांनाच विचारले. सहकाऱ्यांकडूनही माहिती मागवली. एकूण ७८ बालकांपैकी ६८ जणांच्या मातांना गरोदरपणी, बहुतेकींना अगदी सुरुवातीच्या काळात, रुबेला होऊन गेल्याचे निष्पन्न झाले.

ऑक्टोबर १९४१ मध्ये मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाच्या नेत्रवैद्यक संस्थेपुढे त्यांनी हा निबंध वाचला. त्यात कोणतेही नवे उपकरण नव्हते, प्रयोगशाळाही नव्हती. होते ते बारकाईचे निरीक्षण आणि मातांच्या स्मरणावर ठेवलेला विश्वास. 'कुळात कोणाला होते का?' या प्रश्नाऐवजी 'गरोदरपणी तुम्हांला काय झाले होते?' हा प्रश्न विचारला गेला, हीच या संशोधनातील निर्णायक घटना म्हणावी लागेल.

संशय आणि पडताळणी

ग्रेग यांचा निष्कर्ष सर्वत्र लगेच स्वीकारला गेला नाही. लंडनच्या 'द लॅन्सेट' या प्रतिष्ठित वैद्यकीय साप्ताहिकाने १९४४ मध्ये हे प्रमेय अद्याप सिद्ध झालेले नाही, अशा आशयाचे मत व्यक्त केले. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. ग्रेग यांनी सदोष बालकांपासून मागे मातांपर्यंत शोध घेतला होता. रुबेला होऊनही ज्यांची बालके निकोप जन्मली, अशा माता त्यांच्यापर्यंत येण्याचे कारण नव्हते. त्यामुळे रोग आणि दोष यांचा संबंध दिसत असला, तरी धोक्याचे प्रमाण त्यावरून सांगता येत नव्हते. शिवाय हा शोध युरोप-अमेरिकेतील नामांकित केंद्रांत न लागता महायुद्धाच्या धामधुमीत दूरच्या ऑस्ट्रेलियात लागला होता, ही बाबही त्याच्या मार्गात आडवी आली असल्यास नवल नाही.

पडताळणीचे काम प्रथम ऑस्ट्रेलियातच झाले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील चार्ल्स स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ पासून प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ग्रेग यांच्या निष्कर्षाला दुजोरा मिळाला आणि डोळा व हृदय यांच्या जोडीला बहिरेपणा हा तिसरा मोठा दोषही पुढे आला. गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत संसर्ग झाल्यास मोतीबिंदूची, तर त्यानंतर झाल्यास केवळ बहिरेपणाची शक्यता अधिक, असा कालक्रमही हळूहळू स्पष्ट झाला.

सर्वांत विलक्षण पुरावा मात्र जुन्या जनगणनेच्या कागदांतून मिळाला. संख्याशास्त्रज्ञ एच. ओ. लँकेस्टर यांनी १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कर्णबधिरांच्या आकडेवारीचे विश्लेषण केले. १९११ च्या जनगणनेत दहा ते चौदा या वयोगटात बधिरांची संख्या अनपेक्षितपणे वाढलेली होती. १९२१ मध्ये तोच फुगवटा वीस ते चोवीस या गटात आणि १९३३ मध्ये तिशीच्या गटात सरकलेला दिसला. म्हणजे १८९९ च्या आसपास जन्मलेली एक पिढीच बाधित होती. बधिर विद्यालयांच्या प्रवेशपुस्तकांनी त्याला पुष्टी दिली आणि त्या जन्मांच्या आधी रुबेलाची साथ येऊन गेल्याचे आढळले. ग्रेग यांच्या निबंधापूर्वी तीन दशके हा पुरावा सरकारी छापील तक्त्यांत पडून होता. योग्य प्रश्न विचारला जाईपर्यंत आकडे मूक राहतात, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

गर्भावस्थेत डोळ्यावर होणारा आघात

रुबेलाचा विषाणू मातेच्या रक्तातून नाळेवाटे गर्भात शिरतो. गर्भधारणेनंतरच्या सुमारे पाचव्या ते सातव्या आठवड्यांत डोळ्यातील भिंग आकार घेत असते. या काळात विषाणू भिंगाच्या पेशींत शिरला, तर त्यांची वाढ खुंटते आणि तेथे पांढरा अपारदर्शक गाभा राहतो. भिंगाभोवतीचे वेष्टन पूर्ण झाल्यावर विषाणूला आत शिरणे कठीण होते. परंतु आधीच शिरलेला विषाणू त्याच वेष्टनाच्या आत जन्मानंतरही दीर्घकाळ टिकून राहतो. अशा डोळ्यावरील शस्त्रक्रियेनंतर तीव्र दाह का होतो, याचे एक कारण येथे सापडते. दृष्टिपटलावर मीठ-मिरी विखुरल्यासारखे ठिपके दिसणे, काचबिंदू, नेत्रगोल लहान राहणे, तिरळेपणा, डोळ्यांची अनैच्छिक हालचाल हे याच विकारसमूहाचे अन्य नेत्रदोष होत.

रक्तचाचणीने संसर्गाची खात्री करून घेणे शक्य झाल्यावर धोक्याचे प्रमाणही ठरवता आले. ब्रिटनमध्ये १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून, पहिल्या दहा-अकरा आठवड्यांत संसर्ग झाल्यास गर्भाला इजा होण्याचा धोका सुमारे ९० टक्के असतो, असे दिसले. चौथ्या महिन्यानंतर तो झपाट्याने घटतो. अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची खात्री होण्याच्या सुमारासच धोका सर्वाधिक असतो, ही या रोगातील सर्वांत कठोर गोष्ट होय. गरोदरपणात घेतलेली कोणतीही काळजी येथे उशिराचीच ठरते. संरक्षण त्याआधी मिळालेले असावे लागते.

साथ, विषाणू आणि लस

रुबेलाचा विषाणू १९६२ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे वेगळा केला. त्याच सुमारास युरोपात सुरू झालेली साथ १९६४-६५ मध्ये अमेरिकेत पोहोचली. तेथे सुमारे सव्वाकोटी लोकांना रुबेला झाला आणि सुमारे २० हजार बालके जन्मजात रुबेला विकारसमूह घेऊन जन्मली. त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक दृष्टिहीन आणि अकरा ते बारा हजार कर्णबधिर होती.

या आपत्तीने लशीच्या संशोधनाला वेग दिला. अमेरिकेत १९६९ मध्ये पहिली लस वापरात आली. फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेत स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी तयार केलेला 'आरए २७/३' हा विषाणुप्रकार पुढे सर्वाधिक परिणामकारक ठरला. रुबेलाची बाधा झाल्यामुळे ज्यांचा गर्भपात करावा लागला, अशांपैकी एका गर्भाच्या ऊतींतून १९६४ च्या साथीत तो मिळवण्यात आला होता. ग्रेग यांचे निधन १९६६ मध्ये झाले. त्यांना लस पाहावयास मिळाली नाही. त्यांच्या देशात १९७१ पासून शाळकरी मुलींना ती दिली जाऊ लागली.

लस कोणाला द्यावी, याविषयी मात्र मतभेद होते. अमेरिकेने सर्व बालकांना लस देऊन रोगाचा फैलावच रोखण्याचे धोरण घेतले. ब्रिटनने १९७० मध्ये किशोरवयीन मुलींपासून सुरुवात केली आणि १९८८ मध्ये सर्व बालकांचे लसीकरण स्वीकारले. ग्रीसमधील अनुभव सर्वांना धडा देणारा ठरला. तेथे १९७० च्या दशकाच्या मध्यापासून लस उपलब्ध होती. पण ती निम्म्याहून कमी बालकांना मिळत असे. त्यामुळे रोगाचा फैलाव थांबला नाही, मंदावला मात्र. पूर्वी बालपणीच रुबेला होऊन मुलींना आयुष्यभराचे संरक्षण मिळे. आता त्या संसर्गाविना आणि लशीविनाच प्रसूतिवयात पोहोचू लागल्या. १९९३ च्या साथीनंतर तेथे जन्मजात रुबेलाची २५ बालके आढळली. अर्धवट लसीकरण हे लसीकरण न करण्यापेक्षाही घातक ठरू शकते, हे त्यातून दिसून आले.

भारत आणि महाराष्ट्र

ज्या देशातील साथीवरून रुबेलाला त्याचे नाव मिळाले, त्या देशात या रोगाकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहण्यास दीड शतक जावे लागले. दक्षिण भारतातील बालकांच्या मोतीबिंदूविषयी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इजेमुळे न झालेल्या मोतीबिंदूंपैकी सुमारे एकचतुर्थांश आनुवंशिक, तर सुमारे १५ टक्के रुबेलामुळे झालेले आढळले. उरलेल्यांपैकी बहुतेकांचे कारण निश्चित करता आले नाही. 'जन्मजात' या एका शब्दाखाली किती भिन्न कारणे दडलेली असतात, हे या आकड्यांवरून कळते. मामा-आत्याच्या मुलांतील विवाहांची रूढी असलेल्या समाजांत आनुवंशिक दोषांचा प्रश्न खराच आहे. परंतु म्हणून प्रत्येक दृष्टिहीन बालकाचे कारण वंशावळीत शोधणे रास्त ठरत नाही.

गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील एकत्रित लस भारतात खासगी दवाखान्यांतून अनेक वर्षे दिली जात होती. याचा अर्थ, ज्यांना परवडेल त्यांच्या मुलांपुरते संरक्षण उपलब्ध होते. ग्रीसच्या अनुभवाच्या प्रकाशात ही स्थिती चिंताजनक होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पहिल्या टप्प्यात कर्नाटक, तमिळनाडू, गोवा, पुद्दुचेरी आणि लक्षद्वीप यांचा समावेश होता. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून राबवण्यात आली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुला-मुलींना एक डोस देण्यात आला आणि पुढे नियमित लसीकरणात दोन डोसांची सोय झाली. या लशीच्या उत्पादनातील एक प्रमुख संस्था, सीरम इन्स्टिट्यूट, पुण्यात आहे. तिच्या लशीतील रुबेला-विषाणू 'आरए २७/३' हाच आहे. १९६४ मधील एका न जन्मलेल्या जीवापासून मिळालेला तो अंश महाराष्ट्रातील शाळकरी मुलींच्या संरक्षणास कारणी लागला, असे म्हणता येईल.

मोहिमेच्या काळात काही पालकांनी लस नाकारली, अफवाही पसरल्या. 'आमच्या मुलाला साध्या पुरळाच्या रोगाची लस कशासाठी?' हा त्यांचा प्रश्न समजण्यासारखा होता. या लशीचा मुख्य लाभ ती घेणाऱ्या मुलाला होत नसून, पुढे कोणाच्या तरी पोटी येणाऱ्या बालकाला होतो. मुलग्यांनाही ती देण्याचे कारण हेच. असे परोपकारी प्रतिबंधन समाजाला पटवून देणे हे वैद्यकाइतकेच लोकशिक्षणाचे काम आहे.

एप्रिल २०१५ मध्ये अमेरिका खंडांतून आणि २०१८ मध्ये ग्रेग यांच्या ऑस्ट्रेलियातून रुबेलाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. दक्षिण-पूर्व आशियासाठी ठरवलेली २०२३ ची मुदत मात्र संपूर्ण विभागाला गाठता आली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) जन्मजात आणि आनुवंशिक यांतील भेद १९४१ नंतर मानवी वैद्यकात ठामपणे प्रस्थापित झाला आणि त्यात नेत्रविज्ञानाचा वाटा मोलाचा आहे. डोळ्यातील भिंग गर्भावस्थेतील आघाताची वेळ जपून ठेवते, म्हणूनच हा शोध नेत्रतज्ज्ञाला लागू शकला.

२) ग्रेग यांच्या शोधाचे मूळ साधन मातांचे कथन हे होते. लँकेस्टर यांचे साधन जुनी जनगणना हे होते. दोन्ही उपलब्ध असूनही दुर्लक्षित होती.

३) दोषाचे कारण वंशात की गर्भावस्थेत, या प्रश्नाच्या उत्तरावर समाजाची दृष्टिहीनांशी आणि त्यांच्या मातांशी असलेली वागणूक अवलंबून राहिली आहे. आनुवंशिकतेच्या अतिरेकाने निर्बीजीकरणाचे कायदे दिले. संसर्गाच्या शोधाने लस दिली.

४) अपुरे लसीकरण धोका वाढवू शकते. म्हणून रुबेलाचा प्रतिबंध हा वैयक्तिक निवडीचा विषय न राहता सार्वत्रिक व्हावा लागतो.

दृष्टिहीन बालक जन्माला आल्यावर मातेला दोष देण्याची रूढी आजही पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. ग्रेग यांच्या संशोधनाने मातेला साक्षीदाराचे स्थान दिले, आरोपीचे नव्हे. या शोधाच्या इतिहासातून लशीइतकीच ही दृष्टीही समाजाने स्वीकारणे अगत्याचे आहे.